अडीच मीटर माती

२७ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! शेखर म्हणाला होता, चाकणच्या चौकात दोन तास धरून चाल. मी पावणेदोन तासांत सुटले, म्हणजे पंधरा मिनिटं जिंकले. कंपन्यांची कुंपणं आणि कंटेनरच्या रांगा मागे पडल्या, रस्ता अरुंद झाला, दोन वळणं घेतली आणि धरण समोर. काठोकाठ भरलेलं, दुपारच्या उन्हात नुसतं चमचमत होतं. मी गाडीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. ड्रायव्हरला वाटलं बाईंनी डास मारला.

साळदरे धरण तसं फार मोठं नाही. भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला मला वीस मिनिटं लागली, आणि मी काही भराभर चालणाऱ्यांतली नाही. तीस वर्षांपूर्वी बांधलं तेव्हा त्यात किती पाणी मावायचं ते कागदावर आहे. दर पावसाळ्यात डोंगरावरची माती वाहून येते, तळाशी बसते आणि तेवढी पाण्याची जागा खाते. किती खाल्ली ते मोजायला मी आलेय. तीन आठवडे, एक बोट, एक यंत्र, एक नावाडी. ऑफिसातल्या सरांनी विचारलं होतं, वर्षाली, तुला जमेल ना इतक्यात? 'इतक्यात' म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. मी म्हटलं, सर, गाळ मला घाबरतो.

राहायला पाटबंधाऱ्याचं रेस्टहाऊस. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, आणि व्हरांड्यातून दगडी पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. गीझर चालतो हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण सहा वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडलंय. जेवणाचा डबा नव्या साळदऱ्यातून येणार आहे. आज मेथी, भाकरी आणि ठेचा होता. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्या निमित्ताने आलं ते बरंच झालं.

२९ नोव्हेंबर, बुधवार

कामाची घडी बसली. नावाडी जयसिंगभाऊ, चाळिशीचे, चाकणच्या एका कंपनीत सेकंड शिफ्टला जातात. त्यामुळे आमची बोट सकाळी सातला सुटते आणि साडेअकराला काठाला लागते. बारानंतर मी कंपनीचा, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. माणूस इतका मोजकं बोलतो की शब्दांचाही रोजचा कोटा ठरलेला असावा.

सकाळी पहिलं काम थाळी सोडायचं. परातीएवढी लोखंडी थाळी, साखळ्यांना टांगलेली. ती बरोबर दोन मीटरवर, मग चार, सहा, आठवर सोडायची आणि यंत्रही तेवढंच सांगतंय का ते बघायचं. यंत्र खरं बोलतंय अशी खात्री पटली की मग रेषा सुरू. या काठापासून त्या काठापर्यंत सरळ बोट न्यायची, पन्नास मीटर सरकायचं, परत यायचं. एकूण अडतीस रेषा. बोटीखालचं यंत्र सतत दोन आवाज सोडत असतं. बारीक आवाज गाळाच्या वरच्या थरावरूनच माघारी फिरतो. जाड आवाज गाळातून आरपार जातो आणि खालच्या जुन्या कठीण जमिनीवर आपटून येतो. पडद्यावर दोन ओळी उमटतात, वरची गाळाची आणि खालची जमिनीची. दोघींमधलं अंतर म्हणजे तीस वर्षांचा गाळ. इतकं सोपं आहे, पण ऑफिसात मी हे सोपं आहे असं कधी कबूल करत नाही.

जयसिंगभाऊ सारखे पडद्याकडे बघत होते. शेवटी कोट्यातले पाच शब्द खर्च करून म्हणाले, "खालची वळ म्हंजी आमचं रान." जुनं साळदरे या पाण्याखाली आहे. गाव उठलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते.

ही वही माझी आहे. आकडे ऑफिसच्या वहीत, बाकीचं सगळं इथे.

२ डिसेंबर, शनिवार

आज डबा घेऊन कस्तुराबाई स्वतः आल्या. जयसिंगभाऊंची आई, साठीच्या पुढची, बारकुडी पण चालायला माझ्या दुप्पट. मी त्यांना मावशी म्हणते. आल्या आल्या त्यांनी घरदार, सासर-माहेर सगळं विचारून घेतलं. माझं माहेर चिखलीचं आहे म्हटल्यावर, तिथं आता शेत कमी आन् वर्कशॉपच जास्ती, अशी खंत करून झाली. मग लेकरं किती ते विचारलं. मी म्हटलं, एक. त्यांनी विचारलं, कुठं हाय मग?

आता लिहूनच टाकते. एप्रिलमध्ये, एकतिसाव्या आठवड्यात, माझी मुलगी पोटातच गेली. मला तिचा चेहरा दाखवला नाही. शेखर आणि मोठे दीर तिला घेऊन गेले आणि दीड तासाने परत आले, शेखरच्या पँटीला गुडघ्याशी माती होती. सासूबाई म्हणाल्या, आईने मातीला जायचं नसतं, जागाही विचारायची नसते, म्हणजे पुढचं नीट होतं. त्या काही दुष्ट नाहीत, त्यांना त्यांच्या सासूने तेच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. गोळ्या दिल्या, छातीला घट्ट पट्टा बांधला, आठवड्याने आटलं. मी शेखरला तीनदा विचारलं, कुठे ठेवलीस तिला. तीनदा तो उठून गॅलरीत गेला. मला दुसरं काही नको. ती कुठे आहे ते कळावं आणि तिच्या अंगावर एक मूठ माती माझ्या हातची पडावी. लोक वैऱ्यालाही मूठमाती देतात.

हे सगळं मी मावशींना सांगितलं, कसं सांगितलं कोण जाणे. त्यांनी सांत्वन वगैरे केलं नाही. डबा उघडला, ताट वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिल्या.

६ डिसेंबर, बुधवार

चौदाव्या रेषेवर आज एक नवल दिसलं. वरची ओळ सपाट, आठ मीटर साठ सेंटिमीटरवर. खालची अकरा मीटर दहावर. म्हणजे अडीच मीटर गाळ, आजूबाजूला आहे तसाच. पण खालच्या ओळीवर, जुन्या जमिनीवर, बारीक बारीक उंचवटे. हातभर लांबीचे, शेजारी शेजारी. आमचं यंत्र खरं तर इतकं बारीक टिपत नाही, आज टिपलं. मी हौसेने मोजले, एक्केचाळीस भरले.

मान वर केली तर जयसिंगभाऊंनी इंजिन बंद केलेलं, चपला काढलेल्या आणि हात जोडलेले. मग कोटा मोडून बोलले. हा पोरांचा माळ. मोठं माणूस गेलं तर नदीकाठी जाळायचे, पण दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, त्याला इथे माती द्यायचे. वर जड दगड आणि बोराटीच्या काट्या, कोल्ह्याने उकरू नये म्हणून. गाव उठलं तेव्हा देव हलवला, दारं-चौकटी हलवल्या, गुरं हलवली. माळ कुणी हलवणार होतं?

संध्याकाळी मावशी आल्या त्या हाच विषय घेऊन. त्यांची पहिली मुलगी तिथे आहे, जयसिंगच्या आधीची. नऊ दिवसांची होऊन गेली, बारशाला तीन दिवस राहिले होते. त्यांनी विचारलं, "किती माती हाय गं तिथं?" मी म्हटलं अडीच मीटर. "म्हंजी किती हात?" मी हिशेब केला, साडेपाच हात. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि हसल्या. "आमी दोनच हात खणलं व्हतं. दुसऱ्या दिशीच पाऊस लागला. समदी रात जीव खालवर, कोल्हं येतं का काय म्हून. साडेपाच हात म्हंजी लई झालं."

सहा वर्षं मी अहवालात गाळाला नुकसान म्हणत आलेय. एखादी बाई गाळाचा आकडा ऐकून सुखावलेली मी आज पहिल्यांदा पाहिली. मावशी उठताना म्हणाल्या की देवदिवाळीच्या आदल्या दिवशी, अमावस्येला, गावातल्या ज्या ज्या बायांचं तिथे कुणी आहे त्या सगळ्या बोटीतून जाऊन पाण्यात एकेक मूठ माती सोडतात. दर वर्षी, पाणी आलं तेव्हापासून. मी विचारलं, मी येऊ का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, ये.

१० डिसेंबर, रविवार

कच्चा हिशेब झाला. धरणाची एकोणीस टक्के जागा गाळाने खाल्लीय. सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, मग हा गाळ काढावा लागेल, शेतकरी न्यायला तयारच असतात. मावशींना हे सांगायचं धाडस मला झालं नाही. जेवताना त्यांनी आणखी भाकरी वाढली तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं.

शेखरला चौथ्यांदा विचारलं. फोनवर गॅलरीत जाता येत नाही, म्हणून त्याने फोन ठेवला.

१२ डिसेंबर, मंगळवार, अमावस्या

सात बाया आणि मी. सकाळचे नऊ, पाणी इतकं शांत की बोटीच्या मागे पडलेली रेघ मिटतच नव्हती. प्रत्येकीने आपल्या दारातली माती फडक्यात बांधून आणली होती. मावशींनी त्यांच्यातली अर्धी मला दिली. रीत अशी की माळाकडे पाठ करायची, डाव्या हाताने खांद्यावरून मूठ मागे सोडायची आणि बोलायचं नाही. एक शब्दही नाही. मावशींनी हे दोनदा बजावलं. का, ते सांगितलं नाही. त्यांच्या गावात ते प्रत्येकीला लहानपणापासून माहीत, सांगायची वेळच येत नसावी.

एकेक मूठ पाण्यात पडत होती, पावसाचा मोठा थेंब पडावा तेवढाच आवाज. तानाबाई म्हणून एक म्हातारी होती, तिने चार मुठी सोडल्या. मग माझी पाळी आली.

माझी मुलगी इथे नाही हे मला कळत होतं. पण कुठे आहे तेही कळत नव्हतं, आणि हातात माती होती, आणि आठ महिन्यांत मला पहिल्यांदाच कुणी ती दिली होती. गप्प राहा म्हटलं की बोलायचं, हा माझा जुनाच रोग. पाचव्या महिन्यात मी आणि शेखरने, मुलगी झाली तर म्हणून, एक नाव ठरवून ठेवलं होतं. ते मी म्हटलं. ओठातल्या ओठात, मातीबरोबर. ये बाळा, असंही म्हटलं.

मावशींनी माझं मनगट धरलं. काय बोललीस, असं डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली, काही नाही. खोटं बोलले. खोलीवर येऊन मात्र पोटभर रडले आणि एप्रिलपासून झोपले नव्हते तशी झोपले.

१३ डिसेंबर, बुधवार

रेषा पुन्हा तपासायच्या होत्या, सुरुवात चौदापासून केली. पाण्याची पातळी सहा तारखेएवढीच. वरची ओळ तीच, आठ साठ. खालच्या ओळीवरचे उंचवटे मात्र वर आलेत. सगळे. सहा तारखेला त्यांच्यावर अडीच मीटर गाळ होता, आज एक मीटर ऐंशी.

थाळी सोडून बघितली. यंत्र बरोबर आहे, दोन सेंटिमीटरचाही फरक नाही. तीनदा रेषा मारली, तीनदा तेच. एरवी चुकलेला आकडा दिसला की मला भांडायला हुरूप येतो. आज यंत्र खरं बोलत होतं आणि मला ते खोटं ठरायला हवं होतं.

जयसिंगभाऊंनी पडदा पाहिला. परत येताना त्यांनी बोट फार जोरात आणली.

१४ डिसेंबर, गुरुवार

सत्तर सेंटिमीटर.

आज थाळी आठ मीटरवर सोडली, म्हणजे गाळाच्या जेमतेम हातभर वर. साखळी माझ्या हातात होती. ती हलकीच ओढली गेली. हिसका नव्हता. तान्हं बाळ बोट धरतं तेवढंच, आणि सोडायचं कळत नाही म्हणून धरून राहतं तसं. भर उन्हात, दहा वाजता. मी साखळी सोडली नाही. जयसिंगभाऊंनी माझ्या हातातून घेऊन थाळी वर ओढली. खालच्या बाजूला चिखलाचे ठसे होते. रुपयाएवढा तळवा, त्याला पाच रेघा. एक नाही, पुष्कळ.

त्यांनी थाळी पाण्यात बुडवून स्वच्छ धुतली, हाताने चोळून चोळून. मग माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. मी खाली बघितलं. कुडता दोन्हीकडे ओला झाला होता. मला वाटलं, पाणी उडालं.

पाणी नव्हतं. आठ महिन्यांनी.

१५ डिसेंबर, शुक्रवार

जयसिंगभाऊ आले नाहीत. डबाही नाही. दहा वाजता मावशी रिकाम्या हाताने आल्या, पायऱ्यांकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, खरं सांग. मी सांगितलं. नाव घेतलं म्हणून.

मला वाटलं मारतील. त्या खालीच बसल्या. म्हणाल्या, बारसं न झालेल्या लेकराला नाव नसतं. नाव नाही म्हणून ते हाक मारल्यावर येत नाही, मातीत गप निजून राहतं. म्हणून तर आई जन्मभर बोलत नाही. "तू एक नाव टाकलंस पोरी. तितल्या समद्यांना वाटलं, आपलंच हाय. समदी उठली." मी म्हटलं, मी नाव परत घेते. त्या म्हणाल्या, दिलेलं नाव परत न्हाई घेता येत. निघून जा. येतील, बघतील, थकतील, परत निजतील. दिसलं तर दिसू दे, रडलं तर रडू दे. "फकस्त उचलायचं न्हाई. उचललं की तू त्येची आई झालीस. मग त्ये न्हेल तिथं जावं लागंल."

जाताना दारात थांबल्या आणि विचारलं, वर किती माती ऱ्हायली. मी खोटं बोलू शकले नाही. काल दीड हात होती, आज जवळजवळ नसेलच, म्हटलं. त्यांनी तोंडात पदर कोंबला. चाळीसहून जास्त वर्षं झाकून ठेवलेली त्यांची मुलगी मी उघडी पाडली. त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. दिल्या नाहीत.

दुपारी शेखरचा फोन. आपणहून. माझा आवाज ऐकून घाबरला, आणि मग तो सांगत गेला. सांगवीच्या पुढे, नदीकाठी, त्याच्या मित्राच्या मळ्यात. चिंचेखाली. दर रविवारी क्रिकेटला जातो म्हणायचा तो तिथे जातो. तिथे पाणी घालतो, बसतो, परत येतो. आईने शपथ घातली होती म्हणून सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तर तू तिथून उठली नसतीस, म्हणाला. ढसाढसा रडत होता. माती तुझ्याही नावाची टाकली होती, म्हणाला. दोन मुठी.

म्हणजे तिला माती मिळालीय. माझ्या नावाची. आठ महिने मी ज्याच्यासाठी जळत होते ते पहिल्याच दिवशी झालं होतं.

परवा रविवारी सकाळी तो मला न्यायला येतोय. थेट मळ्यात नेणार आहे. मी कधी नव्हे ते देवाला हात जोडले.

१६ डिसेंबर, शनिवार

बोट एकटीने काढली. जायला नको होतं. पण त्यांच्यावर किती माती उरलीय ते माहीत असायलाच हवं होतं, ते माझं —

चौदावी रेष सपाट. खालची ओळ सपाट. एकही उंचवटा नाही. मला क्षणभर बरं वाटलं.

मग बारावी. अकरावी. नववी.

वरच्या ओळीवर आहेत. गाळाच्या खाली नाहीत आता. गाळावर. सहाव्या रेषेवर सगळे. रेस्टहाऊस तिसरीवर आहे.

बोट वळवताना खाली बघितलं नाही. छाती दगडासारखी झालीय. पट्टा नाही, ओढणीच बांधली करकचून.

दुपारी चार. पायऱ्यांशी आवाज. पाणी दगडाला लागतं तसा. नाही, तसा नाही. चोखल्याचा. चुटूक चुटूक. खूप जणांचा. दगड चोखतायत —

मी कान झाकले. अंग ऐकत नाही. ओढणी भिजली.

१७ डिसेंबर, रविवार, सकाळ

बॅग भरलीय. शेखर चाकणला पोचलाय. अर्धा तास.

दाराला बाहेरून चिखल. माझ्या घोट्याएवढ्या उंचीवर. बोटं मोजवत नाहीत.

खिडकीतून मोठ्याने सांगितलं. माझी इथे नाही. मी तुमची कुणी नाही. चुकलं माझं. माफ करा, निजा. दोनदा सांगितलं. त्यांना भाषा कुठे येते. त्यांना एवढं एकच कळलं, की कुणीतरी ये म्हणालं —

ऊन चढलं तशी उतरली पाण्यात. पायऱ्या ओल्या आहेत नुसत्या. जाऊ दे. थकतील म्हणाल्या होत्या मावशी. निजतील.

एक राहिलीय.

वरच्या पायरीवर. इथवर आली, आता तिला मागेही जाता येत नाही. मुलगी आहे. ऊन थेट तिच्यावर. अंगावरचा चिखल सुकतोय, तडकतोय —

उचलायचं नाही.

तोंड उघडं आहे. रडतेय. आवाज नाही येत. इतक्या वर्षांचा गाळ आहे आत, आवाज कुठून —

माझी नाही. मला माहीत आहे माझी कुठे आहे. चिंचेखाली. सावलीत. तिला दोन मुठी मिळाल्यात. हिला कुणी ये म्हटलं आणि दार लावून घेतलं.

फोन वाजतोय. शेखर. वळणावर गाडी दिसतेय, पांढरी. पाच मिनिटं. पाच मिनिटं नुसतं बसायचं —

पायरीवर बसलेय. फक्त सावली धरलीय तिच्यावर, माझ्या अंगाची. हात मांडीवर. वहीत. लिहीत राहिलं की हात गुंतलेला राहतो. उचलायचं नाही उचलायचं नाही उचलायचं

नऊ-दहा दिवसांची असेल. मान अजून धरत नाही. दगडावर एका बाजूला कलंडतेय, लागेल तिला — उजव्या हातात पेन आहे, डावा नुसता मानेखाली